जाऊन येण्याचे गणित: बेताच्या उंचीचे पहिले शिखर

मराठीत घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. डोंगरावर पहिल्यांदाच निघालेल्या माणसाला एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी हीच सांगेन. शिखर हा वाटेचा शेवट नसून मध्य आहे आणि सगळा बेत सुखरूप परतण्याच्या वेळेपासून मागे मोजत आखायचा असतो. नवख्या माणसाचे लक्ष साहजिकच माथ्यावर खिळलेले असते. चढण झेपेल का, किती वाजता पोहोचू, वरून काय दिसेल, एवढेच प्रश्न त्याला पडतात. उतरायला किती वेळ लागेल, तेव्हा पायांत किती बळ उरलेले असेल आणि उजेड कुठवर साथ देईल, हे प्रश्न ज्या वेळी सुचतात त्या वेळी बहुधा सूर्य कललेला असतो. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी त्या परतीला धरूनच सांगितली आहे.

शिखर निवडणे

शिखराची उंची किती, यापेक्षा आपल्याला किती चढायचे आहे, हे महत्त्वाचे. समुद्रसपाटीपासून २००० मीटर उंचीचे शिखर १७०० मीटरच्या पठारावर उभे असेल, तर ती एका सकाळची फेरी होते. उलट समुद्रकाठाहून सुरू होणारी ९०० मीटरची चढाई अनुभवी माणसाचाही दिवस घेते. पहिल्या वेळी पायथा ते माथा ५०० ते ६०० मीटरची चढाई, जाऊन-येऊन ८ ते १० किलोमीटरची चाल, मळलेली पायवाट आणि दोराची गरज कुठेही नाही, असे शिखर निवडावे. एखाद्या ठिकाणी खडकाला हात टेकवावा लागला तर हरकत नाही, पण जिथे हात सुटल्यास माणूस दरीत जाईल अशी जागा वाटेत नसावी.

विरळ हवेची धास्ती अनेकांना वाटते. १५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाच षष्ठांश असतो आणि उंचीमुळे होणारा त्रास सहसा २५०० मीटरच्या पुढेच सुरू होतो. त्यामुळे लहान डोंगरावर लागणारी धाप ही चढणीची आणि आपल्या घाईची असते, हवेची नव्हे. मात्र हृदयविकार, दमा किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि त्या चढाईचे स्वरूप त्यांना नीट सांगावे. ‘थोडे चालायचे आहे’ एवढे मोघम सांगून मिळालेली परवानगी कामाची नसते.

शिखर ठरले की ते संरक्षित वनात किंवा खासगी जमिनीवर येते का, परवानगी किंवा वाटाड्या बंधनकारक आहे का आणि वर्षातील काही काळ वाट बंद असते का, ही चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

नकाशा वाचणे

मोबाइलवर वाटेची रेघ दिसते म्हणून नकाशा वाचायला शिकण्याची गरज उरलेली नाही, हा समज चुकीचा आहे. रेघ फक्त ‘इकडून जा’ म्हणते. पुढे काय वाढून ठेवले आहे, ते समोच्च रेषा सांगतात. समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या या रेषांच्या इतिहासात एका बेताच्याच डोंगराला मानाचे स्थान आहे. १७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नेविल मास्केलिन यांनी स्कॉटलंडमधील शिहॅलियन या १०८३ मीटर उंचीच्या डोंगरावर पृथ्वीची सरासरी घनता शोधण्यासाठी मोजमापे घेतली. त्या डोंगराचे आकारमान काढताना गणिती चार्ल्स हटन यांच्यापुढे उंचीच्या आकड्यांचा ढीग पडला होता. समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडताच त्यांना डोंगराचा आकार कागदावर उमटलेला दिसला.

नवख्या माणसाला या रेषांतून तीन गोष्टी वाचता आल्या तरी पुरे. रेषा दाटीने आल्या की चढण उभी, विरळ झाल्या की सपाटी. रेषांचे टोक माथ्याकडे वळलेले असेल तर ती घळ किंवा ओढा. टोक खाली, पायथ्याकडे आले असेल तर ती डोंगराची सोंड. आणि माथ्याच्या अलीकडे बंद वर्तुळांचा एखादा लहान पुंजका दिसला, तर तो आपल्याला फसवणारा खोटा माथा आहे, हे घरीच ओळखून ठेवावे. खालून पाहताना तोच शिखर वाटतो. तिथे पोहोचल्यावर पलीकडे आणखी एक चढण दिसते, तेव्हा अनेकांचे अवसान गळते. आधीच ठाऊक असलेल्याला मात्र ते ठिकाण घोटभर पाणी पिण्याची जागा वाटते.

यानंतर नकाशावर शेवटचे पाणी, वाटेचे सगळे फाटे आणि ओलांडावे लागणारे ओढे यांवर खुणा कराव्यात. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून घ्यावा आणि त्याची एक कागदी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवावी. मोबाइलमधील जीपीएसला आपली जागा दाखवण्यासाठी नेटवर्क लागत नाही, मात्र उतरवून घेतलेला नकाशा लागतो. तो नसेल तर कोऱ्या पडद्यावर फक्त एक निळा ठिपका दिसत राहतो.

वेळेचे गणित

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असून सर्वांत जास्त टाळली जाते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला, तो आजही वापरला जातो. दर ३ मैलांना एक तास आणि त्याशिवाय चढाईच्या दर २००० फुटांना आणखी एक तास, असे त्याचे मूळ रूप आहे. मेट्रिक मापात साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाईला एक तास असे ते धरले जाते. मात्र हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. नवख्याने आलेल्या वेळेची दीडपट करावी आणि विश्रांती त्यात वेगळी मिळवावी.

एक उदाहरण मांडून पाहू. एका बाजूने ५ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढाई आहे. नियमाप्रमाणे चढायला दोन तास, दीडपटीने तीन तास, त्यात विश्रांतीची चाळीस मिनिटे. माथ्यावर पाऊण तास. उतरण केवळ अंतराच्या हिशेबाने दीड तासात व्हायला हवी, पण हा आकडा मी कधीच धरत नाही. दमलेले पाय आणि निसरडी माती लक्षात घेऊन विश्रांतीसह अडीच तास धरतो. एकूण सुमारे सात तास झाले. सकाळी सातला पायथा सोडला तर दुपारी दोनला परत येता येते.

आता खरे गणित उलट दिशेने करावे. सूर्यास्त सहाला असेल, तर चारच्या सुमारास आपण पायथ्याशी हवे. म्हणजे माथा उशिरात उशिरा दीडला सोडायला हवा. हा दीडचा आकडा म्हणजे मागे फिरण्याची वेळ. ती निघण्यापूर्वी सर्वांसमोर मोठ्याने सांगावी, कागदावर लिहावी आणि दीड वाजता आपण जिथे असू तिथून, शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी, मागे फिरावे. ‘आता आलोच आहोत तर दहा मिनिटांत जाऊन येऊ’ हे वाक्य डोंगरात फार महाग पडते, कारण त्या दहा मिनिटांची भरपाई अंधारात करावी लागते. बेताप्रमाणे आपण माथ्यावरून साडेअकरापूर्वीच निघणार आहोत, मग दीडपर्यंतची सवलत कशाला, असे कुणी विचारेल. ते दोन तास मुरगळलेल्या घोट्यासाठी, चुकलेल्या फाट्यासाठी आणि अचानक उतरलेल्या ढगासाठी राखून ठेवलेले असतात. ते मौजेत खर्च करायचे नसतात.

निघण्यापूर्वी घरी राहणाऱ्या एका माणसाला पाच गोष्टी लिहून द्याव्यात: कोणते शिखर, कोणती वाट, कोण कोण बरोबर आहेत, पायथ्याशी परतण्याची अपेक्षित वेळ आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत मागवायची ती वेळ. शेवटचा आकडा दिला नाही, तर तो माणूस रात्रभर ‘येतीलच आता’ असे म्हणत बसतो.

हवामानाचा अंदाज घेणे

हवामानाचा अंदाज आदल्या संध्याकाळी आणि निघण्याच्या सकाळी असा दोनदा पाहावा आणि तो जवळच्या गावाचा नव्हे, तर डोंगराचा आहे, याची खात्री करावी. दर १००० मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. पायथ्याशी २० अंश असतील, तर ६०० मीटर वर साधारण १६ अंश असतात. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण घामाने भिजलेल्या सदऱ्यावर वारा लागला की तेच १६ अंश हुडहुडी भरवतात. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली जाण्याला बर्फच लागतो असे नाही. पाऊस, वारा आणि थकवा एकत्र आले तर ते बऱ्यापैकी उबदार ऋतूतही घडते. थांबता न येणारी थरथर, अडखळणारी पावले, तोंडात घोळणारे शब्द आणि ‘मला काही झाले नाही’ हा हट्ट, ही त्याची लक्षणे आहेत. असा माणूस दिसताच त्याला वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे बदलावेत, कोरडे आणि गरम पांघरूण घालावे, शुद्धीवर असल्यास काही गोड खायला द्यावे. त्याला एकटे सोडू नये.

वीज हा डोंगरावरचा सर्वांत निर्दय धोका आहे, कारण माथ्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. चमक आणि गडगडाट यांतील सेकंद मोजून त्यांना तीनने भागले, की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. हा फरक तीस सेकंदांपेक्षा कमी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आली आहे आणि आपण धार व माथा सोडून खाली निघालेलेच असायला हवे. शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास पुन्हा वर जाऊ नये. एकट्या झाडाचा, कड्याच्या पोटातील उथळ कपारीचा किंवा लोखंडी कठड्याचा आसरा घेऊ नये, आणि सर्वांनी एकमेकांत अंतर ठेवून चालावे. उन्हाळी ढग दुपारनंतर वाढत जातात, हे ध्यानात घेतले तर भल्या पहाटे निघण्याचा आग्रह कशासाठी असतो, ते निराळे सांगावे लागत नाही.

पाठपिशवी आणि पायताण

बूट नवे असतील तर निदान दोन-तीन आठवडे रोजच्या चालण्यात वापरून मुरवावेत. बूट घेताना जाड मोजे घालून, पाय पुढे सरकवून पाहावा; टाचेमागे एक बोट जाईल इतकी जागा हवी, नाहीतर उतरताना बोटे पुढे आपटून नखे काळीनिळी होतात. तळव्याला खोल खाचा हव्यात. सपाट, गुळगुळीत तळव्याचे बूट चढताना निभावून नेतात आणि उतरताना दगा देतात.

कपडे लवकर सुकणारे असावेत. सुती कापड घाम आणि पाणी धरून ठेवते, म्हणून थंड किंवा पावसाळी हवेत ते अंगाशी नसलेले बरे. अंगाजवळ एक पातळ थर, त्यावर एक ऊबदार थर आणि सर्वांवर वारा-पाऊस अडवणारे जाकीट, इतके पुरते. बाकी सामानात तासाला साधारण अर्धा लिटर या हिशेबाने पाणी, चालता चालता खाता येतील असे गोड आणि खारट पदार्थ, टोपी, शिट्टी, पट्ट्या आणि मलम, नेहमीची औषधे आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी असावी. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता दहा टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणून ढगाळ दिवशीही मान आणि कान झाकावेत. दिवसाउजेडी परतायचे ठरलेले असले तरी प्रत्येकाजवळ स्वतःची, कपाळावर बांधायची टॉर्च असलीच पाहिजे. मोबाइलचा दिवा ही टॉर्च नव्हे. त्याने एक हात अडकतो आणि मदत मागण्यासाठी राखलेली बॅटरी संपते.

जड वस्तू पाठीच्या जवळ आणि मध्यभागी ठेवाव्यात. जाकीट मात्र सर्वांत वर असावे, कारण पाऊस पिशवी उपसण्याची वाट पाहत नाही.

चढताना

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चालावे. शरीर तापायला तेवढा वेळ लागतो आणि सुरुवातीला घाई केलेला माणूस पुढे दर वळणावर बसतो. योग्य चाल कोणती, याची खूण सोपी आहे: चालता चालता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर चाल कमी करावी, थांबू मात्र नये. पावले लहान टाकावीत आणि शक्य तिथे संपूर्ण तळवा टेकवावा. चवड्यांवर चढणाऱ्याच्या पोटऱ्या तासाभरात भरून येतात. उभ्या चढणीवर एक छोटी युक्ती फार उपयोगी पडते. पाऊल वर टाकल्यावर मागचा गुडघा क्षणभर पूर्ण ताठ करावा, म्हणजे शरीराचा भार स्नायूंऐवजी हाडांवर येतो आणि मांडीला दर पावलाला एक निमिषभर विसावा मिळतो. हजारो पावलांत त्या निमिषांची बेरीज मोठी होते.

विश्रांती थोडी आणि ठरलेली असावी: दर पाऊण तासाने पाच मिनिटे. तहान लागण्याआधी घोट-घोट पाणी प्यावे आणि भूक लागण्याआधी थोडे खावे. मोज्यात कुठे चुरचुरू लागले तर त्याच क्षणी बूट काढून तिथे पट्टी लावावी. फोड येण्यापूर्वीची ती पाच मिनिटे वाचवणारा माणूस परतीत लंगडत एक तास घालवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. वाटेला नागमोडी वळणे असतील तर ती तोडून सरळ वर चढू नये. त्यात दम तर जातोच, शिवाय तोडलेल्या वाटेवरून पावसाचे पाणी माती वाहून नेते आणि काही वर्षांत तिथे ओघळ पडतो.

दर फाट्यावर आणि दर मोठ्या वळणावर थांबून मागे वळून पाहावे. परतताना वाट वेगळी दिसते. चढताना डोळ्यांसमोर असलेला खडक उतरताना पाठीमागे गेलेला असतो. एकदा माथ्यावरून निघालो तोच धुके खाली उतरले आणि धारेवर आम्हाला तीन वाटा दिसू लागल्या, तिन्ही सारख्याच मळलेल्या. दोन ढोरवाटा होत्या. गुरांच्या या वाटा माणसाच्या वाटेइतक्याच ठळक असतात आणि उतारावर चरायच्या जागेपर्यंत नेऊन विरून जातात. चढताना मागे वळून पाहिले होते तेव्हा मधोमध चिरलेला, उभ्या भेगेत गवत उगवलेला एक काळा दगड ध्यानात राहिला होता. तो दगड हाताला लागेपर्यंत आम्ही दहा-दहा पावले टाकत शोधला आणि तो सापडल्यावरच खाली पाऊल टाकले.

घसारा, म्हणजे सुटी माती आणि खडी असलेला उतार लागला, तर एकाच्या खाली एक असे चालू नये. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. दगड सुटलाच तर ‘दगड’ असे मोठ्याने ओरडावे आणि ती हाक ऐकणाऱ्याने वर पाहण्याऐवजी डोके झाकावे. खडकाला धरताना आधी तो हलवून पाहावा, मग त्यावर भार द्यावा. अरुंद धारेवर एका बाजूची दरी पाहून पाय लटपटू लागले तर त्या भीतीला डोंगरवाले दृष्टिभय म्हणतात. ते कोणालाही वाटू शकते आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. नजर पुढच्या दोन पावलांवर ठेवावी, हात खडकाच्या बाजूला असावा, सोबत्याने पुढे राहून शांतपणे बोलत राहावे. तरीही पाय उचलत नसेल तर तिथून परतावे. त्या जागेवरून पुन्हा यायचेच आहे, हे विसरू नये.

माथ्यावर

पोहोचताच, अंगाला गारवा जाणवण्यापूर्वी, जाकीट चढवावे. मग खाणे, मग फोटो, या क्रमात फरक करू नये. शिखराच्या काठावर पाठ दरीकडे करून मागे सरकत फोटो काढून घेणे हे अपघातांना आमंत्रण आहे.

सभोवारच्या सपाटीपासून १००० मीटर उंचीवर उभे राहिल्यास स्वच्छ हवेत क्षितिज सुमारे ११३ किलोमीटरवर असते. कधी पायथा धुक्याने भरलेला असतो आणि मागून ऊन येते, तेव्हा समोरच्या धुक्यावर आपली लांबट सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ दिसते. मराठीत त्या वर्तुळाला इंद्रवज्र म्हणतात. असे दृश्य लहान शिखरांवरूनही दिसते. जर्मनीतील ज्या ब्रोकेन शिखराचे नाव त्या सावलीला मिळाले, तेही ११४१ मीटरचेच आहे. आणि शिखरे केवळ पाहण्यासाठी नसतात. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्लोरँ पेरिए हे आपले मेहुणे, फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांच्या सांगण्यावरून पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्यूई द डोम या १४६५ मीटरच्या डोंगरावर चढले. पायथ्याच्या तुलनेत वर पारा आठ सेंटीमीटरांहून अधिक उतरलेला दिसला आणि उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, हे डोळ्यांना दाखवता आले. त्यांनी खाली येऊन पायथ्याशी पुन्हा मोजमाप घेतले, ही गोष्ट मला विशेष वाटते. परतल्याशिवाय तो प्रयोग पुरा झाला नसता.

फळांच्या सालींसह सगळा कचरा पिशवीत घ्यावा. माथ्यावर दगडांच्या नव्या राशी रचू नयेत, कारण वाट दाखवणाऱ्या राशी आणि हौसेने रचलेल्या राशी यांतील फरक धुक्यात पुढच्या माणसाला कळत नाही.

उतरताना

निघण्यापूर्वी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधाव्यात. टाच बुटाच्या मागच्या भिंतीला टेकवून घोट्यापाशी नाडी घट्ट आवळावी आणि बोटांपाशी किंचित सैल सोडावी, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात, त्या चढणीमुळे नव्हे, या उतरणीमुळे. गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, पावले चढतानापेक्षाही लहान टाकावीत, उड्या मारू नयेत. उतार निसरडा असेल तर नवखा माणूस घाबरून मागे झुकतो आणि नेमका त्यामुळेच घसरतो, कारण भार टाचेवर जाऊन तळव्याची पकड सुटते. शरीर पायांच्या बरोबर वर ठेवावे. काठ्या वापरत असल्यास त्यांची लांबी उतरणीसाठी थोडी वाढवावी.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही चौघे अशाच एका शिखरावर गेलो होतो. ठरलेल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटे उशिरा माथा सोडला, कारण हवा सुंदर होती आणि कोणालाच उठावेसे वाटत नव्हते. निम्म्या उतरणीवर एका सोबत्याचा गुडघा धरला. अंधार पडला तेव्हा आमच्याकडे चौघांत मिळून एकच टॉर्च होती. पुढचा माणूस दहा पावले जायचा, वळून मागे उजेड धरायचा, मग एकेक जण यायचा. दिवसा वीस मिनिटे लागलेल्या तुकड्याला दोन तास लागले. कोणाला खरचटलेही नाही, पण मागे फिरण्याची वेळ लिहून ठेवायला आणि प्रत्येकाच्या पिशवीत टॉर्च तपासायला मी त्या रात्रीपासून सुरुवात केली.

किती उजेड उरला आहे, याचा ढोबळ अंदाज हातानेही घेता येतो. हात सरळ पुढे धरून बोटे आडवी ठेवावीत आणि सूर्य व क्षितिज यांमध्ये किती बोटे मावतात ते मोजावे. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटे. चार बोटे म्हणजे तास. मात्र डोंगराची सावली त्याआधीच वाटेवर येते. सकाळी सहज ओलांडलेल्या ओढ्याला परतताना पाणी चढलेले दिसले, तर गुडघ्याच्या वर असलेल्या वाहत्या पाण्यात उतरू नये. वरचा पाऊस थांबला की असे ओढे बहुधा लवकर ओसरतात, म्हणून काठावर थांबावे.

वाट चुकली किंवा दुखापत झाली तर

वाट चुकल्याची शंका येताच थांबावे, बसावे आणि पाणी प्यावे. शेवटची खात्रीची खूण कुठे पाहिली, हे आठवून तिथपर्यंत आलो तसे मागे जावे. ओढ्याच्या कडेने उतरत गेलो की खाली पोहोचूच, हा विचार घातक आहे, कारण डोंगरातील ओढे कड्यावरून उडी घेतात. गटाने विभागून वाट शोधू नये.

हलता येत नसेल तर मदतीची आंतरराष्ट्रीय खूण अशी आहे: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्चची उघडझाप, मग एक मिनिट थांबणे, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन खुणांनी येते. उत्तर आले तरी आपली खूण चालू ठेवावी, म्हणजे येणाऱ्यांना दिशा कळते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक अनेक देशांत चालतो. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसतानाही दुसऱ्या एखाद्या नेटवर्कवरून तो लागण्याची शक्यता असते. फोन लागल्यावर पहिल्या वाक्यात जागा सांगावी, मग काय झाले ते, कारण फोन मध्येच तुटला तरी जागा कळलेली असली पाहिजे.

परतल्यावर

पायथ्याशी येताच घरच्या माणसाला निरोप द्यावा. शोध सुरू करण्याची वेळ त्याच्याकडे लिहिलेली आहे. बूट काढून पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या तपासाव्यात, गवतातून चाललो असल्यास अंगावर गोचिडी चिकटलेल्या नाहीत ना, ते पाहावे. मग, आठवण ताजी असताना, चार आकडे वहीत टिपावेत: पायथा कधी सोडला, माथ्यावर कधी पोहोचलो, माथा कधी सोडला आणि खाली कधी आलो. नेस्मिथच्या नियमाने आलेल्या वेळेशी ते ताडून पाहावेत. कुणाची दीडपट भरते, कुणाची पावणेदोनपट, तर कुणाला चढण लवकर जाते आणि उतरणच वेळ खाते. दोन-तीन शिखरे झाली की आपला स्वतःचा आकडा हाती येतो आणि पुढच्या शिखरासाठी मागे फिरण्याची वेळ त्याच आकड्याने काढावी.